राणीच्या तलवारीचं लग्न

कुंडातलं पाणी वाफाळत होतं. राणी हेमाक्षीच्या पाठीला सेनापती रणधवल हळद लावत होता, आणि शेजारच्या राज्याचा राजपुत्र नीलकेतू तिच्या ओल्या मानेवरून ओठ काही केल्या काढत नव्हता.

"मुहूर्त जवळ आलाय, राणीसाहेब," दाराबाहेरून प्रधानजी म्हणाले. "एका मांडवात माळ एकाच्याच गळ्यात पडते. दुसऱ्याला आजच राज्याबाहेर जावं लागेल."

त्यांचा डाव तिला ठाऊक होता. सेनापती गेला तर फौज प्रधानजींच्या मुठीत, राजपुत्र गेला तर शेजाऱ्यांशी केलेला तह मोडणार. कोणीही गेलं तरी ती एकटी पडणार. तिने दोघांचे हात आपल्या कमरेवर घट्ट दाबून धरले आणि नीलकेतूच्या कानात काहीतरी सांगितलं.

मांडवात तिने रणधवलला माळ घातली. प्रधानजींनी खुशीत राजपुत्राला धरायला शिपाई पाठवले. ते हात हलवत परतले. त्याच मुहूर्तावर नदीकाठच्या देवळात नीलकेतूचं लग्न राणीच्या तलवारीशी लागलं होतं. गादीवरच्या माणसाला येणं जमलं नाही, तर त्याच्या तलवारीशी लागलेलं लग्नही पक्कं, हा कायदा थोरल्या महाराजांच्या तिसऱ्या लग्नाच्या वेळी प्रधानजींनीच केला होता. प्रधानजींनी या दुसऱ्या लग्नावरही अक्षता टाकल्या.

दुपारी तिघं पुन्हा कुंडात उतरले. नीलकेतूने तलवार काठावर जपून निजवली.

"पाण्याने माझ्या बायकोला गंज चढेल," तो राणीला म्हणाला. "तिच्या वाटणीचे लाडही आता तुलाच करून घ्यावे लागतील."

राणीची त्याला ना नव्हती.