पाठीवरचे ओरखडे

"हे सगळं तू केलंस?"

रुपाली मॅडमनी अख्ख्या क्लाससमोर गिटार पालथी केली. शिवानीची मान खाली गेली. एरवी ही मान खाली जाणाऱ्यांतली नव्हती. परवाच शाळेच्या गॅदरिंगला तिनं याच मानेला झटके देत गाणं म्हटलं होतं. नववारी, कमरेला भाड्याचा कंबरपट्टा, गळ्यात मोहनमाळ आणि हातात मॅडमची गिटार. वन्समोअर मिळाला होता, वन्समोअर!

कंबरपट्टा गिटारच्या पाठीला घासतोय, हे टाळ्यांच्या नादात कळलंच नाही. खाली, बुडाजवळ, चार पांढरे चरे.

"आणि हे?" मॅडमचं बोट वर सरकलं. वरच्या कडेजवळ तळहाताएवढी जागा बारीक ओरखड्यांनी भरली होती.

"माळेनं असेल, मॅडम."

"असेल म्हणजे? मी दिली तेव्हा होतं का?"

घेताना तिनं पाठ बघितलीच कुठं होती? ती तर कधी एकदा स्टेजवर जातेय, याच घाईत होती.

"नव्हतं," ती म्हणाली.

"रॉकस्टार," मागून शिवकुमार कुजबुजला. पोरं फिदीफिदी हसली. शिवानीचे कान तापले.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. "माझ्या बाबांची आहे गं ती," एवढंच म्हणाल्या. मग गिटार तिच्या हातात दिली. "शनिवारपर्यंत साफ करून आण. वरचं आधी. एक रेघ दिसता कामा नये. मग जिल्ह्याच्या स्पर्धेत तूच वाजव हिला."

म्हणजे विश्वास अजून शिल्लक होता. शिवानीला रडूच फुटलं.

गल्लीच्या टोकाला बिरुदेव काकांचं फर्निचर पॉलिशचं दुकान होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून गिटार उन्हात धरली.

"कुटं आपटलीस?"

"आपटली नाही. घासली."

"मग आता तूच घास की. तुज्या हातानं."

शाळा सुटल्यावर तीन दिवस ती दुकानात बसली. आधी पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर, मग मेण, मग टॉवेलच्या कारखान्यातून आणलेली मऊ कापडं. गोल गोल हात फिरवायचा, दाबायचं नाही. खालचे चरे पहिल्याच दिवशी गेले. वरचे मात्र हटेनात.

"शिवानी, एक सांगू?" काका उकिडवे बसले. "खालचे ताजे हायत. हे वरचं तुजं न्हाय. आत मळ बसलाय बघ. वर्सानुवर्साचं काम हाय हे. आन् माळ आसती तर हिकडं तिकडं फिरली आसती. हितं येकाच जागी कायतरी टेकतंय."

"काका, तुम्ही माझी बाजू घेताय."

"बाजू कसली? लाकूड सांगतंय."

"मॅडमनी दाखवलंय मला. माझंच आहे ते," म्हणून तिनं आणखी जोरात हात चालवला.

अशी घासलेली जागा आपण घरीही कुठंतरी बघितलीय, असं तिला वाटून गेलं. अज्जांच्या, म्हणजे आजोबांच्या, खोलीत? पण कपाळावर घाम होता, पोटात लाज होती आणि शनिवार जवळ आला होता. विचार तिथंच राहिला.

तिसऱ्या दिवशी काकांनी लाखेच्या पॉलिशचा शेवटचा हात मारला. पाठ आरशासारखी झाली. शिवानीनं तीत स्वतःचे दात बघितले.

शनिवारी ती धावतच क्लासला गेली. मॅडमनी वरच्या कडेवरून बोटं फिरवली, मग नखानं चाचपलं, मग खिडकीपाशी नेऊन बघितलं.

"शाब्बास. लई भारी," त्या म्हणाल्या आणि चक्क हसल्या.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शिवकुमारनंसुद्धा. आठवडाभरात पहिल्यांदा शिवानीची मान वर आली. ती गिटार घेऊन पुढं बसली आणि तारा लावू लागली.

तेवढ्यात दारात एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, पांढरा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा. चपला बाहेर काढून ते आत आले.

"या मल्लिनाथ काका," मॅडम म्हणाल्या. "तुमचीच वाट बघत होते."

"वळसंगहून आलो की, दोन बस बदलून." ते धापा टाकत होते. "डोळ्याच्या ऑपरेशनला गेलो तेव्हा गिटार तुमच्याकडं ठेवली. तुम्ही म्हणता, चोरीला गेली. आणि गॅदरिंगच्या दुसऱ्याच दिवशी नातीनं त्याचा व्हिडिओ दाखवला. ही पोरगी, आणि हिच्या हातात माझीच गिटार!"

"एकसारख्या शंभर असतात, काका. ही माझ्या बाबांची."

"मी त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं ना, खूण आहे म्हणून?" म्हाताऱ्यांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली. गळ्यातल्या दोऱ्याला चांदीची करडगी लोंबत होती, लिंगाची अंड्याएवढी डबी. थेट अज्जांच्या गळ्यातल्यासारखी. अज्जा वाकून पेपर वाचतात तेव्हा टेबलाच्या कडेला घासते, तशी. "चाळीस वर्षं वाजवली. रोज ही करडगी पाठीला टेकायची. वरच्या कडेला तळहाताएवढी जागा ओरखड्यांनी भरलीय. ते बघा, आणि मग बोला."

शिवानीची बोटं तारांवरच थांबली.

"शिवानी बाळ," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "काकांना पाठ दाखव."