लॉबस्टर आणि सासरे

केबलवर एक गोरा आचारी बघितला आणि ठरवलं, शिरोळहून येणाऱ्या सासऱ्यांना यंदा तांबडा रस्सा नाही, लॉबस्टर खायला घालायचा. रत्नागिरीहून बर्फातनं चार मागवले, मुंडकी टाकून दिली, शेपट्या भाजून वर लसूण-लिंबाचं वितळलेलं लोणी सोडलं. "आज कांदा-लसूण चटणीचा डबा उघडायचा न्हाय," असा बायकोला, प्रीतीला, दमही भरला.

सासऱ्यांनी एक शेपटी खाल्ली. "ब्येस हाय की पावणं," म्हणाले आणि दुसरीला हात न लावता तांब्याभर पाणी प्यायले.

तेवढ्यात प्रीतीनं लालभडक रस्सा आणून वाढला. मी तोंड वाकडं केलं, मग भाकरी कुस्करली. तिसऱ्या वाटीला विचारलं, "कशाचा गं हा?"


"तुमी टाकलेल्या मुंडक्यांचा."