मागच्या सीटची दांडी

उज्ज्वलाताई बाईकच्या सीटचा फोम सुरीने कापत होत्या. पार्किंगमधून जाणारे शेजारी थबकले. "वहिनी, सीट एवढी खाली? साहेबांचे गुडघे हनुवटीला लागतील!"

"लागू देत," मान वर न करता त्या म्हणाल्या.

डोंगरवाटा तुडवलेली ही जुनी बाईक त्यांचे यजमान भंगारात देणार होते. ताईंनी ती मागून घेतली, इंजिन खोलून स्वतः जुळवलं, हँडलही जवळ ओढून घेतलं.

रविवारी साहेब हेल्मेट घालूनच खाली आले, किल्लीसाठी हात पुढे करत. ताई मागच्या सीटची दांडी आवळत होत्या. आजवरच्या प्रत्येक घाटात ती त्यांनीच गच्च धरली होती.

"पुरे गं! इतक्या वर्षांत कधी पाडलंय का तुला?"

"आज तुम्ही धरायची आहे," म्हणत ताई पुढे बसल्या आणि त्यांनी किक मारली.