आज्याच्या वक्ताचा धुरा

रिठदच्या शिवारात गोरा साहेब उतरला तेव्हाच जानरावाच्या मनात पाल चुकचुकली. म्हणे फ्रान्सचा प्रोफेसर, सातशे वर्षांपूर्वीच्या शेतांचा इतिहास शिकवतो. मेलेल्यांची वावरं पाहायला कोणी समुद्र ओलांडतं का? हा नक्की विधवा भावजयीनं बोलावलेला मोजणीवाला! ती पंचफुला मात्र शेजारच्या वावरात मान खाली घालून निंदत होती. साहेबानं तिफण न्याहाळली, दोन्ही वावरांमधल्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची, माती चुरली. “हा धुरा कधीचा?” सोबतच्या दुभाष्या मास्तरानं विचारलं. “आज्याच्या वक्ताचा. काहून?” जानरावाच्या वावरात धुऱ्यासारख्या सरळ ओळीत तोडूनही फुटलेल्या, एरवी धुऱ्यावरच वाढणाऱ्या बोरींकडं बोट दाखवत साहेब काहीतरी बोलला. मास्तर चाचरला. “काय म्हणून राह्यला थो?” जानराव गुरकावला. “म्हणते, आमच्या देशातबी सातशे वर्साआधी धुरा असाच सरके. भाऊ मेला, का भावजयीच्या वावरात.” पंचफुला खुरपं हातात धरून ताठ उभी राहिली.