रंग काढलेला तोताराम

“रंग हे जगातलं सर्वात मोठं खोटं आहे,” लीलाधर भंगाळे म्हणाले. “रंग काढून टाका, खाली फक्त आत्मा उरतो.”

“बरोबर आहे,” समोरचा गृहस्थ म्हणाला. “हात धुवायचे कुठे?”

लीलाधरांनी बोटाने नळ दाखवला. धुळ्यातल्या त्या हॉलमधला त्यांच्या छायाचित्र प्रदर्शनाचा हा शेवटचा दिवस होता आणि आज आलेल्या प्रत्येक रसिकाने त्यांना नळच विचारला होता. रसिकांचंही चुकत नव्हतं. शेजारच्या हॉलमध्ये साखरपुडा होता आणि वरण-बट्टीचं जेवण होतं.

लीलाधर जळगावात पिंप्राळ्याला राहत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर लोक सकाळी फिरायला लागतात. यांनी फक्त काळे-पांढरे फोटो काढणारा डिजिटल कॅमेरा घेतला. तो रंगीत कॅमेऱ्यापेक्षा महाग होता. रंग काढून घ्यायचे जास्त पैसे कसे, असं पत्नी सरिताने एकदाच विचारलं. उत्तर पाऊण तास चाललं, म्हणून पुन्हा काही विचारलं नाही. कॅमेऱ्यावर लीलाधरांच्याच वयाची जुनी लेन्स होती. तिच्यात आत थोडी बुरशी धरली होती. लीलाधर तिला ‘मुलायमपणा’ म्हणत.

प्रदर्शन जळगावात न भरवता धुळ्यात का, तर जळगावात त्यांना सगळे ओळखत. त्यांना अनोळखी माणसाच्या डोळ्यांत पाणी बघायचं होतं. एकाच माणसाच्या, एकाच फोटोसमोर. तेवढं दिसलं की सार्थक झालं. नाही दिसलं, तर पैसे पाण्यात गेले हे सरिताचं मत खरं ठरणार होतं, आणि ते लीलाधरांना संसारात एकदाही परवडलेलं नव्हतं.

मोठी भिस्त होती तोताराम आबांवर. आबा अमळनेरकडचे म्हातारे शेतकरी. काळ्या चौकटीत त्यांचा हातभर चेहरा, सुरकुत्या, मिटत आलेले डोळे. डोळे उन्हामुळे मिटले होते, पण फोटोखाली शीर्षक होतं ‘अनंताकडे’. उद्घाटनाचे पाहुणे आलेच नाहीत, त्यांचा हार सरिताने वाया नको म्हणून चौकटीला अडकवला होता. डास फार म्हणून उदबत्तीही तिथेच खोचली होती.

दुपारी एक म्हातारा आत आला. नातीच्या हळदीला हा हॉल पुरेल का, ते बघायला आला होता. पावलांनी भिंत मोजत मोजत तो आबांच्या फोटोपाशी पोचला आणि थांबला. त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग हळूहळू खाली बसला आणि उपरण्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागला.

लीलाधरांनी सरिताचा हात दाबला. “बघ!”

“अहो, त्यांना पाणी तरी देऊ द्या.”

“पाणी नको. रसभंग होईल.”

हा क्षण टिपायलाच हवा होता. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. या जातीच्या कॅमेऱ्याच्या खिडकीत एकाची दोन माणसं दिसतात. लेन्सचं कडं फिरवून ती एकावर एक आणायची, मग बटण दाबायचं. लीलाधर आणत राहिले. दोन्ही म्हातारे मनसोक्त रडत राहिले. शेवटी लीलाधरांनी नाद सोडला आणि जवळ जाऊन म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“जुन्या काचेची जादू आहे, नाना,” ते हळुवारपणे म्हणाले. “आजच्या लेन्सना हे...”

“कवय गया?” म्हाताऱ्याने विचारलं.

“कोण कधी गेला?”

“हाऊ. तोताराम. मना मोठा भाऊ शे. मनं नाव वना. माले कोणी सांगं बी नही.”

लीलाधरांनी घड्याळाकडे बघितलं. हॉल सहा वाजता रिकामा करायचा होता. तोवर आबा गेलेलेच राहिले, तर कोणाचं काय बिघडणार होतं? कलावंताच्या मनात असे उदात्त विचार येतात.

सरिता कलावंत नव्हती. “नाना, रडू नका! आबा खणखणीत आहेत. परवाच यांच्याशी फोनवर बोलले.”

वनाचं रडणं नळ बंद करावा तसं थांबलं. त्याने वर बघितलं. नजरेत आता पाणी नव्हतं, जाळ होता.

“जित्ता शे? मंग असा काबर टांगा?”

“ही कला आहे, नाना,” लीलाधर म्हणाले.

“कला?” वनाने हाराकडे बघितलं, उदबत्तीकडे बघितलं, मग लीलाधरांकडे. “आमनाकडे जित्ता माणूस रंगीत ऱ्हास. असा काळा-धवळा व्हयना, का दहावं घालतस!”

त्याने उठून हार ओढून काढला, उदबत्ती चिमटीत विझवली. आता हा जाणार, असं वाटलं. पण तो पुन्हा खाली बसला.

“बोलणं नाही का तुमचं?” सरिताने विचारलं.

“बांधवरनी बोरना झाडपायी बोलणं तोडं. बोर बी वाळी गई कवयनी.”

शेजारच्या हॉलमध्ये कोणीतरी बट्टीवर आणखी तूप मागत होतं. लीलाधरांनी तोताराम आबांना भिंतीवरून उतरवलं आणि दोन्ही हातांनी वनासमोर धरलं.

“घेऊन जा, नाना. माझ्याकडून भेट. माझं सगळ्यात चांगलं काम आहे हे.”

वनाने फोटो जवळून न्याहाळला. बराच वेळ न्याहाळला. मग तो लीलाधरांकडे परत सरकवला.

“हाऊ ऱ्हाऊ द्या तुमलेच,” तो टोपी घालत म्हणाला. “त्याले फोन लावा. मी बोलाव नही. तुम्हीच त्याले काहीतरी चिडावा. त्यानी एक शिवी आयकस, नि मी जास.”