वर गेलेलं चर्च

बाबा गेल्यावर डोंगरावरच्या चर्चची किल्ली माझ्याकडे आली. आज ती पाद्रींना परत दिली की चर्च कायमचं बंद होणार होतं. तेवढ्यात चर्च पाहायला पाहुणे आले, म्हणून मी बाबांची नेहमीची गोष्ट सांगितली: चर्च खाली गावात बांधत होते, पण दिवसा रचलेले दगड रात्रीतून आपोआप इथे वर यायचे. शेवटी लोकांनी हात टेकले. "देवालासुद्धा शेजाऱ्यांचा कंटाळा येतो," हा बाबांचा ठरलेला विनोदही केला. कुणी हसलं नाही. एका चिमुरडीने विचारलं, "मग देवाला इथे एकटं वाटत नाही?" तिची आजी म्हणाली, "अगं, मागच्या खेपेला किल्लीवाले काका काय म्हणाले होते? 'मी आहे ना सोबतीला!'" पाहुणे उतरून गेले. मी पुढच्या बाकावर जाऊन बसले. अंधार पडेपर्यंत देव काही बोलला नाही, मीही नाही.