रुग्णांच्या बाजूचा सदस्य

आमच्या थोरल्याचं मला काही कळतच नाही. मनोरुग्णालयाच्या सल्लागार समितीवर बरे झालेल्या रुग्णांच्या वतीनं त्याला घेतलं, तीन बैठका झाल्या, आणि हा आपला तोंडात गुळणी धरून बसलेला. मी सोबत जाते म्हणून निभावतं. बंद पंख्यापासून संडासाच्या तुटक्या कडीपर्यंत सगळं मीच मांडते. चार बुकं शिकले नाही, पण मोठ्या डॉक्टरीणबाईंनाही मी सोडत नाही.

आज विषय निघाला गोळ्यांचा. औषधांच्या खिडकीवर त्या नातेवाइकाच्याच हातात देतात, तो नियम ठेवायचा की काढायचा? अध्यक्षांनी थोरल्याला विचारलं.

मी लगेच म्हणाले, "ठेवायचा. नऊ वर्षं मीच आणते याच्या गोळ्या. एकदा खाडा नाही."

"आई," थोरला म्हणाला, "मला विचारलंय."

त्यानं दोन्ही हात सगळ्यांसमोर टेबलावर ठेवले. "नियम काढा. मी चाळीस वर्षांचा आहे, छापखान्यात मशीन चालवतो. खिडकीवरच्या बाई मला झोप लागते का ते आईला विचारतात. मी शेजारीच उभा असतो."

अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघताय? सदस्य तो आहे," मी म्हणाले. पिशवी उचलली आणि थोरल्याकडे वळले. "बरोबर बोललास. तुझ्या तीन बैठका मीच खाल्ल्या. पुढच्या वेळी एकटा ये."